‘माजी सैनिकांची संघटना’ म्हणजे नेमकी कुणाची?

अमेरिकेतल्या राजकारणाच्या बातम्यांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘माजी सैनिकांच्या संघटनांनी विधेयकाचं स्वागत केलं.’ वाचणाऱ्याला वाटतं, गणवेश उतरवलेली माणसं एकत्र बसली, चर्चा झाली, ठराव झाला आणि पत्रक निघालं. कधी तसं झालेलंही असतं. कधी मात्र पत्रकाखाली सही माजी सैनिकाची असते आणि कार्यालयाचं भाडं, जाहिरातींचा खर्च, कर्मचाऱ्यांचे पगार यासाठीचा पैसा भलतीकडून आलेला असतो. नावात दोन्हीकडे ‘व्हेटरन्स’, प्रवक्ते दोन्हीकडे युद्धावर जाऊन आलेले. एजन्सीची बातमी मराठीत उतरेपर्यंत तर दोघांचं एकच होऊन जातं.

पहिला प्रकार जुना. ‘अमेरिकन लीजन’ची सुरुवात मार्च १९१९ मध्ये पॅरिसला झाली. पहिलं महायुद्ध संपलं होतं आणि घरी जाण्याची वाट बघत सैनिक फ्रान्समध्येच बसून होते. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकी संसदेने तिला सनद दिली. ‘व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स’, म्हणजे व्हीएफडब्ल्यू, तिच्याहून जुनी. तिची मुळं १८९९ पर्यंत जातात, सनद मात्र १९३६ ची. अपंगत्व आलेल्या सैनिकांची ‘डीएव्ही’ १९२० ची. लीजनच्या सनदेत स्पष्ट लिहिलंय की संस्था अराजकीय राहील आणि कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करणार नाही.

या संस्थांचा पाया म्हणजे गावोगावच्या शाखा. लीजन आणि व्हीएफडब्ल्यूमध्ये त्यांना ‘पोस्ट’ म्हणतात. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या इमारती नक्की पाहिल्या असतील: रस्त्यालगतचा बसका हॉल, समोर ध्वजस्तंभ, कुठे कुठे एखादी जुनी तोफ. आत बार असतो, आणि लग्न, वाढदिवस, साखरपुड्यालाही हॉल भाड्याने मिळतो. पण खरं काम बाजूच्या खोलीत चालतं. तिथे ‘सर्व्हिस ऑफिसर’ बसतो. कान गेलाय, पाठ मोडलीय, झोप येत नाही, असं सांगत आलेल्या माणसाचा अपंगत्व भत्त्याचा अर्ज तो भरून देतो. आधी २१-२२ क्रमांकाच्या फॉर्मवर सही घेतात. त्या सहीने संघटना त्या माणसाची अधिकृत प्रतिनिधी होते आणि व्हेटरन्स अफेअर्स खात्याशी, म्हणजे ‘व्हीए’शी, त्याच्या वतीने बोलते. या कामाचे पैसे घेत नाहीत. सैनिक सभासद असो वा नसो, अर्ज भरला जातो.

धोरणही याच शिडीने वर चढतं. व्हीएफडब्ल्यूत एखाद्या पोस्टमध्ये ठराव मांडला जातो, तो जिल्ह्याकडे, तिथून राज्य शाखेकडे आणि शेवटी राष्ट्रीय अधिवेशनात येतो. तिथे मतदान होतं, आणि राष्ट्रीय कमांडरही तिथेच निवडला जातो. हे सगळं संथ, कंटाळवाणं आणि वयस्कर असतं. पण यातूनच १९४४ चा जी.आय. बिल निघाला. लीजनचे माजी राष्ट्रीय कमांडर हॅरी कॉल्मेरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून त्याचा मसुदा हाताने लिहिला आणि २२ जून १९४४ रोजी रूझवेल्टनी सही केली. लाखो सैनिकांचं कॉलेज आणि घरकर्ज त्यातून झालं.

दुसऱ्या प्रकारात पोस्ट नाही, बार नाही, सर्व्हिस ऑफिसर नाही. त्याचं कार्यक्षेत्र म्हणजे जाहिरात, मतदारसंघ आणि संसदेची लॉबी. त्याचा ठसठशीत अवतार २००४ मध्ये दिसला. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी व्हिएतनाममध्ये ‘स्विफ्ट बोट’ या गस्ती नौकेवर होते. पदकं त्यांनी तिथेच मिळवली होती आणि प्रचाराचा भर त्यांवरच होता. ऑगस्टमध्ये ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ’ नावाच्या गटाने टीव्हीवर जाहिरात आणली: केरी खोटं बोलतायत. पडद्यावर माजी नौसैनिक एकामागून एक येऊन बोलत होते. केरींच्या स्वतःच्या नौकेवरचे बहुतेक साथीदार मात्र त्यांच्याच बाजूने उभे होते. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन, स्वतः व्हिएतनाममधले युद्धकैदी, यांनी ती जाहिरात अप्रामाणिक ठरवली. पहिल्यांदा ती फक्त ओहायो, विस्कॉन्सिन आणि वेस्ट व्हर्जिनिया या तीन राज्यांत दाखवली होती, पण वृत्तवाहिन्यांनी तीच ती फुकटात देशभर फिरवली.

पैसा कुणाचा? सर्वांत मोठं नाव ह्यूस्टनचे घरबांधणी व्यावसायिक बॉब पेरी यांचं. त्यांनी ४४ लाख डॉलरहून जास्त दिले. टेक्सासचे तेलसम्राट टी. बून पिकन्स यांनीही मोठी रक्कम घातली. या गटाने राजकीय समिती म्हणून नोंदणी केली नव्हती, त्याबद्दल निवडणूक आयोगाने डिसेंबर २००६ मध्ये २,९९,५०० डॉलरचा दंड केला. निवडणूक होऊन दोन वर्षं झाली होती. एवढ्या दंडाची धास्ती कोण घेणार?

तरी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. तो गट करकायद्याच्या ज्या कलमाखाली होता, त्यात देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत. म्हणूनच पेरींचं नाव आपल्याला कळलं. जानेवारी २०१० मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपन्या आणि संस्थांना निवडणुकीवर, उमेदवारापासून स्वतंत्रपणे, हवा तेवढा खर्च करायची मुभा दिली. मग पैसेवाल्यांची पसंती ५०१(सी)(४) या कलमाकडे वळली. कागदोपत्री या ‘समाजकल्याण’ संस्था. त्यांना राजकारणात उतरता येतं, फक्त ते मुख्य काम नसावं, आणि देणगीदारांची नावं लोकांना सांगावी लागत नाहीत. २०२० पासून तर ती करखात्यालाही कळवावी लागत नाहीत. निवडणूक रोख्यांवरचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १५ फेब्रुवारी २०२४ चा निकाल ज्यांनी वाचलाय, त्यांना हा वाद परका वाटणार नाही. आपल्याकडे ते दार बंद झालं, तिकडचं अजून सताड उघडं आहे.

याच काळात, २०१२ मध्ये, ‘कन्सर्न्ड व्हेटरन्स फॉर अमेरिका’ पुढे आली. सोयीसाठी सीव्हीए म्हणू. तिचे प्रमुख होते पीट हेगसेथ, नॅशनल गार्डमधून इराक आणि अफगाणिस्तानात सेवा केलेले, आणि २०२५ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री झालेले. पाठीशी होतं चार्ल्स आणि डेव्हिड कोच या भावांनी उभं केलेलं देणगीदारांचं जाळं. कॅन्ससमधल्या विचिटाचं ‘कोच इंडस्ट्रीज’ हे घराणं. सरकार जितकं लहान तितकं बरं, ही त्यांची जुनी आणि उघड भूमिका. २००३ पासून कोच धनाढ्य मंडळींची वर्षातून दोनदा बैठक भरवत. आत यायचं तर वर्षाला किमान एक लाख डॉलर द्यायचे. जानेवारी २०१५ च्या बैठकीत पुढच्या निवडणुकीपर्यंत ८८ कोटी ९० लाख डॉलर खर्च करण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा हे जाळं राजकीय पक्षाच्या तोडीचं झाल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं.

सीव्हीएला यातले पैसे मिळाले हे कळलं कसं, ते बघण्यासारखं आहे. कोच जाळ्याची तेव्हाची तिजोरी म्हणजे ‘फ्रीडम पार्टनर्स’ नावाची संस्था, नोव्हेंबर २०११ मध्ये स्थापन झालेली. २०१२ या एका वर्षात तिने सुमारे २३ कोटी ६० लाख डॉलर इतर संस्थांना वाटले. तिचं ९९० क्रमांकाचं करविवरणपत्र सार्वजनिक आहे. त्यातली एक पुरवणी म्हणजे कुणाला किती पैसे दिले याची यादी, आणि त्यात सीव्हीएची मूळ न्यासरूपी संस्था सापडते. दुसरी पुरवणी कुणाकडून पैसे घेतले याची. लोकांसाठीच्या प्रतीत तिथली नावं नसतात. म्हणजे पाणी कुठल्या शेतात गेलं ते दिसतं, विहीर कुणाची ते दिसत नाही.

कोचना माजी सैनिकांत एवढा रस का? माझ्या मते उत्तर व्हीएत आहे. व्हीए ही अमेरिकेतली सर्वांत मोठी एकसंध आरोग्यव्यवस्था: सुमारे १७० रुग्णालयं, नोंदलेले ९० लाखांच्या आसपास सैनिक, सरकारी पगारावरचे डॉक्टर. सरकारने रुग्णालयं चालवू नयेत असं ज्याला सिद्ध करायचंय त्याला याहून मोठं उदाहरण कुठे मिळणार? आणि हे उदाहरण बिघडलंय असं सैनिकानेच सांगितलं, तर प्रतिवाद करायला कोणी धजत नाही.

२०१४ मध्ये ते खरोखर बिघडलेलं निघालं. फीनिक्सच्या व्हीए रुग्णालयात प्रतीक्षा लपवण्यासाठी वेगळ्या याद्या ठेवल्या जात होत्या. खात्याच्या महानिरीक्षकांनी मे महिन्यात सांगितलं की सुमारे १,७०० सैनिक अधिकृत यादीवरच नव्हते. तपासलेल्या २२६ जणांना पहिल्या भेटीसाठी सरासरी ११५ दिवस थांबावं लागलं होतं. खातेप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी राजीनामा दिला. सीव्हीए या काळात सर्वांत जोरात ओरडत होती, आणि तिचं ओरडणं खोटं नव्हतं. जुन्या संघटनांपैकी लीजननेही शिन्सेकींचा राजीनामा मागितला. इतर काही मात्र घुटमळल्या. रोज व्हीएशी वाटाघाटी करणाऱ्याला व्हीएवर तोफ डागणं जड जातं. हा त्यांचा दोष, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

वाट फुटली ती उपायावर. सीव्हीएने फेब्रुवारी २०१५ मध्ये आराखडा आणला: व्हीएची आरोग्यसेवा सरकारी महामंडळासारखी वेगळी काढा, आणि सैनिकाला विम्यासारख्या सोयीने खासगी डॉक्टरकडे जाऊ द्या. जुन्या संघटनांचं म्हणणं होतं की पैसा बाहेर गेला की रुग्णालयं आतून सुकतील, आणि मज्जारज्जूच्या इजा, कृत्रिम अवयव, युद्धाने आलेले मानसिक आजार यांवरचं जे कौशल्य बाहेर सहज मिळत नाही, तेच आधी जाईल. पुढच्या वर्षी व्हीएच्या आरोग्यसेवेचा विचार करणाऱ्या सरकारी आयोगातल्या काही सदस्यांनी वीसेक वर्षांत व्हीएची रुग्णालयं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं टिपण मांडलं. जुन्या संघटना खवळल्या आणि अंतिम अहवालात ते आलं नाही.

व्हीएच्या आरोग्यसेवेबद्दलचा २०१८ चा ‘मिशन’ कायदा मात्र दोन्ही बाजूंनी पाठिंबा दिलेला. अशा वेळी ‘माजी सैनिक संघटनांचं स्वागत’ हे वाक्य अक्षरशः खरं असतं आणि तरी काहीच सांगत नाही. सीव्हीएला हवी होती खासगी डॉक्टरची वाट. २०१९ पासून व्हीएत जायला सरासरी अर्ध्या तासाहून जास्त गाडी चालवावी लागली किंवा साध्या तपासणीला वीस दिवसांहून जास्त थांबावं लागलं, तर बाहेर जाण्याचा हक्क मिळाला. तज्ज्ञांसाठी हीच मर्यादा एक तास आणि २८ दिवस. डीएव्हीसारख्यांना हवं होतं वेगळंच: जखमी सैनिकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या बायकोला किंवा आईला मिळणारा भत्ता २००१ च्या आधी जखमी झालेल्यांच्या कुटुंबांनाही मिळावा. तेही त्याच कायद्यात बसलं. सही एका कागदावर झाली, हेतू दोन होते. त्याच्या थोडं आधी, मार्चमध्ये, खातेप्रमुख डेव्हिड शुल्किन यांची हकालपट्टी झाली होती. खासगीकरण हवं असलेल्यांनी मला घालवलं, असं त्यांनी लगेच लेख लिहून सांगितलं.

मला दोन्ही प्रकारांतला खरा फरक एका वेगळ्याच प्रसंगात दिसतो. व्हीएफडब्ल्यूची एकेकाळी वेगळी राजकीय समिती होती, उमेदवारांना पाठिंबा देणारी. २०१० मध्ये तिने फ्लोरिडात निवृत्त लेफ्टनंट कर्नल ॲलन वेस्ट यांना डावलून, स्वतः सैनिक नसलेले विद्यमान खासदार रॉन क्लाइन यांना पाठिंबा दिला. कॅलिफोर्नियात सिनेटर बार्बरा बॉक्सर यांना. पोस्टपोस्टमधून सभासद उसळले. राष्ट्रीय नेतृत्वाला स्वतःच्याच समितीला पाठिंबा मागे घ्या म्हणायची पाळी आली, आणि पुढे समितीच गुंडाळली गेली. वर्गणी भरणाऱ्याने वरच्याचे कान धरले. सीव्हीएचे स्वयंसेवक मनापासून काम करतात, त्यांच्या सेवेबद्दल शंका नाही. पण तिथे त्यांना कमांडर बदलण्याचं मत नाही. आज ती कोच जाळ्याच्याच ‘अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी’ या मोठ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. तो निर्णय कुठल्या अधिवेशनातल्या मतमोजणीने झाला नाही.

हे सगळं उजवीकडेच आहे असं समजू नये. २००६ मध्ये इराकहून परतलेल्या जॉन सोल्ट्झ आणि सोबत्यांनी काढलेली ‘व्होटव्हेट्स’ बहुतेक डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी झटते. ‘विथ ऑनर’ दोन्ही पक्षांतल्या माजी सैनिक उमेदवारांना मदत करते. २०१८ मध्ये जेफ बेझोस आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी मॅकेन्झी यांनी तिला एक कोटी डॉलर दिले. नाव जाहीर होणाऱ्या मार्गाने दिले, म्हणून ते आपल्याला माहीत आहे.

देणगीदारांची नावं उघड करायला लावणारं विधेयक अमेरिकी संसदेत २०१० पासून पुन्हा पुन्हा येतंय. सिनेटमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये ते चर्चेलाच घ्यायचं की नाही यावर मतदान झालं. साठ मतं लागत होती, पडली ४९ विरुद्ध ४९.