ज्यांना कुणी मेंटॉर म्हणत नाही त्यांची पार्श्वभूमी

मेंटॉर हे ओडिसी या ग्रीक महाकाव्यातलं पात्र, हे बहुतेकांना माहीत असतं त्यामुळे त्यात अडकत नाही. एवढंच की मूळ काव्यात तो स्वतः फारसं काही करतच नाही, त्याचं रूप घेऊन सल्ला देते ती अथीना देवी. शिकवणारा जाणता माणूस हा अर्थ पक्का झाला तो १६९९ च्या एका फ्रेंच कादंबरीनंतर.

आपल्या कामाची गोष्ट गेल्या ५० वर्षांतली आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत ४० पुरुषांच्या सविस्तर मुलाखतींवरचं एक पुस्तक आलं आणि तरुणपणी मेंटॉर भेटणं किती महत्त्वाचं यावर चर्चा सुरू झाली. मग १९८३ मध्ये एकाच कंपनीतल्या सिनियर-ज्युनियर अशा १८ जोड्यांचा अभ्यास आला, त्यात दिसलं की अशी माणसं दोन प्रकारे उपयोगी पडतात, एक म्हणजे कामात पुढे आणतात आणि दुसरं म्हणजे धीर देतात, समजून घेतात. या जोड्या कुणी लावलेल्या नव्हत्या, आपापल्या जमलेल्या होत्या! पण कंपन्यांनी यातून काय घेतलं तर जोड्या लावून द्यायच्या. फॉर्म भरा, मेंटॉर मिळेल. १९९९ मध्ये लावलेल्या आणि जमलेल्या जोड्या शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा आपोआप जमलेल्या नात्यात लोकांना जास्त मदत मिळाल्याचं दिसलं, तरी तोवर शब्द योजनेच्या नावावर लागला होता आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस नुसता 'सिनियर' राहिला.

माझ्या पहिल्या नोकरीत अशाच एक सिनियर होत्या. मी तक्रारीचा मेल लिहिला की त्या खुर्ची सरकवून यायच्या, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणायच्या, "ही ओळ काढ, बाकी ठेव." ती ओळ नेमकी रागाची असायची. आजही पाठवायच्या आधी मी ती ओळ शोधते. त्यांना मेंटॉर म्हणायचं मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

आता जिथे खरा घोळ आहे ते. २००१-०२ मध्ये अमेरिकेतल्या १८ ते २६ वयाच्या हजारो तरुणांना एका मोठ्या पाहणीत विचारलं गेलं की तुम्ही १४ वर्षांचे झाल्यापासून आईवडील किंवा सावत्र आईवडील सोडून कुणा प्रौढ माणसामुळे तुमच्या आयुष्यात महत्त्वाचा चांगला फरक पडला का? जवळपास तीन चतुर्थांश जणांनी हो सांगितलं. अशा माणसांना अभ्यासक 'नैसर्गिक मेंटॉर' म्हणतात आणि या विषयावरचे बरेच निष्कर्ष या एकाच प्रश्नावर उभे आहेत. पण प्रश्नात काय काय गळलं बघा. आईवडील गळले, ते एक वेळ समजू शकतं. प्रौढ म्हटल्यावर दोनच वर्षांनी मोठी असलेली मैत्रीण, जिने अभ्यास कसा करायचा ते दाखवलं, तीही बहुधा गळली. आणि १४ च्या आधीचं सगळंच गेलं. हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा जो दीर्घ अभ्यास झाला त्यात बरोबर उलटी बाजू दिसते. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण असं सगळं वाट्याला आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं छान उभी राहिली, आणि त्यांच्याकडे लहानपणापासून निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं, कधी आजी, कधी मोठं भावंड, पुढे एखादे शिक्षक किंवा शेजारी. यातली कितीतरी माणसं त्या प्रश्नाच्या चाळणीतून खाली पडली असती. मोजायला सोपं जावं म्हणून वयाची रेघ लागते हे कबूल, पण ती रेघ फार उशिरा मारली असं माझं ठाम मत आहे.

कृतज्ञतेकडे अभ्यासकांचं लक्ष वळलं ते नंतर. २००५ च्या एका प्रयोगात लोकांना सांगितलं की ज्याचे आभार नीट मानायचे राहून गेलेत त्याला पत्र लिहा आणि स्वतः नेऊन द्या, तर महिनाभर त्यांचा आनंद वाढलेला दिसला, पुढे तो ओसरला. २०१८ मध्ये अशी पत्रं लिहिणाऱ्यांना आधी विचारलं होतं की समोरच्याला कसं वाटेल, त्यांना वाटलं तो अवघडेल. वाचणारे त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडले आणि खूश मात्र जास्त झाले. त्या सिनियरना मी परवा मेल लिहिला. यावेळी एकही ओळ काढली नाही.