यंत्र अकुशलांवर येतं? नाही, ठरावीक कामावर येतं

कॉम्प्युटर आला, इंजिनिअरला मागणी आली, पदवीचा भाव वाढला, पगारातली दरी रुंदावली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि ती खोटीही नाही. डोकं उठतं ते पुढच्या वाक्याने: ‘म्हणजे यंत्र अकुशल कामगाराला खातं.’ इथे अकुशल काम आणि ठरावीक काम एकाच पोत्यात भरलं जातं.

अकुशल म्हणजे शिकायला थोडा वेळ लागणारं. ठरावीक म्हणजे ज्याची पायरी न् पायरी आधीच लिहून ठेवता येते ते. पहिल्याशी यंत्राला काही देणंघेणं नाही.

मोटारीच्या सांगाड्यावर स्पॉट वेल्डिंग करणारा, म्हणजे विजेच्या गनने पत्रे ठिकठिकाणी जोडणारा बघा. हात बसायला वेळ जातो, पगारही बरा असतो. पण टाका कुठे, गन कोणत्या कोनात, करंट किती वेळ, हे दर गाडीला तेच. रोबोटला आणखी काय हवं? आता त्याच कारखान्यात झाडू मारणारा बघा. आज तेल इथे सांडलंय, उद्या पाना तिथे पडलाय, मध्येच कुणाची तरी केबल. काम दोन दिवसांत शिकता येतं, पण लिहून काढायला बसा, वही संपेल.

वेल्डरसारखी ठरावीक कामं बरीचशी मधल्या पगाराची, म्हणून मार बसतो तो मधल्या पगारवाल्यांना. ऑटर, लेव्ही आणि मर्नेन या अर्थतज्ज्ञांनी 2003 मध्येच ही फोड करून दाखवली होती. असेमोग्लू आणि रेस्ट्रेपो या अर्थतज्ज्ञांच्या 2022 च्या हिशेबात, अमेरिकेत 1980 नंतर पगाररचना जी बदलली त्यातला 50 ते 70 टक्के भाग झपाट्याने स्वयंचलित झालेल्या उद्योगांतल्या ठरावीक कामवाल्यांच्या घसरणीतून येतो.

मग झाडूवाल्याचं भलं झालं का? तेही नाही. मधून घसरलेला माणूस खालच्याच रांगेत येऊन उभा राहतो, आणि रांग लांबली की मजुरी दबते. नोकरी टिकली म्हणजे पगार टिकला असं धरणारे इथेच फसतात.



हे आजचंच आहे असंही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात यंत्रमागाने उपाशी पाडले ते हातमागावरचे कसबी विणकर. यंत्रमागावर उभ्या राहिल्या बायका आणि पोरं, कमी मजुरीवर.

त्यामुळे ‘अपस्किलिंग’, म्हणजे कामगाराला नवं कौशल्य शिकवणं, ऐकलं की मी आधी अभ्यासक्रम मागतो. सहा महिने तीच पाच बटणं त्याच क्रमाने दाबायला शिकवणार असाल, तर वेल्डरला तुम्ही दुसऱ्या रोबोटच्या वाटेत नेऊन उभं करताय.