नारळ ठेवला, पण झोप?

रायगड जिल्ह्यात एखादं घर वाळीत पडलं की पालखी त्या दारात थांबत नाही, लग्नकार्याचं बोलावणं येत नाही, मयताला खांदा द्यायलाही कुणी फिरकत नाही. निमित्त कधी जमिनीचं, कधी निवडणुकीचं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये याविरुद्ध कायदा केला, २०१७ मध्ये तो लागू झाला. तरी काही प्रकरणं गावकीतच मिटवली जातात. देवळात बैठक बसते, चुकीची कबुली होते, देवापुढे नारळ ठेवला जातो आणि गाऱ्हाण्याला सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात. गावापुरता विषय संपला.

त्या घरातल्या माणसांपुरता संपतो का?

या प्रश्नाचं उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशातून आलं, आणि ते अडचणीचं आहे. वाळीत टाकणं आणि यादवी यांची बरोबरी नाही, हे खरंच. तिथे १९९१ ते २००२ या काळातल्या यादवीत पन्नास हजारांहून जास्त माणसं मेली, आणि नंतर छळणारे आणि छळ सोसलेले एकाच गावात राहू लागले. ‘फाम्बुल टोक’ ही संस्था अशा गावांत शेकोटी पेटवून लोकांना एकत्र बसवते. सोसलेला माणूस सगळ्यांदेखत काय झालं ते सांगतो, करणारा कबूल करून माफी मागतो. शिक्षा नाही, भरपाईही नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी दोनशे गावं घेतली, सोडत काढून निम्म्या गावांत हा कार्यक्रम करवला आणि निम्मी तुलनेसाठी ठेवली. ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात २०१६ साली निष्कर्ष आले. कार्यक्रम झालेल्या गावांत माफीची भावना वाढली, माणसांचं येणंजाणं वाढलं, गावच्या कामाला लोक जास्त हातभार लावू लागले. मात्र त्याच लोकांत नैराश्य, चिंता आणि आघातोत्तर ताणाची लक्षणंही वाढली. एकतीस महिन्यांनंतरच्या पाहणीतही हे दोन्ही परिणाम टिकून होते.

असं का व्हावं? संशोधकांचा कयास असा की बोलण्याने युद्धाच्या आठवणी वर आल्या. भीतीची आठवण मेंदूतून पुसली जात नाही. सुरक्षित जागी, जाणत्या माणसासोबत तीच आठवण पुन्हा पुन्हा काढली, की ‘आता धोका नाही’ अशी नवी शिकवण तयार होते आणि जुन्या भीतीला आवर घालते. आघातावरच्या उपचारांत म्हणूनच बैठकीमागून बैठकी होतात. एका रात्रीच्या शेकोटीत आठवण उघडी पडते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापाशी बसायला कुणी नसतं.

म्हणून समेटच नको, असं मी म्हणणार नाही. पालखी पुन्हा दारात थांबणं ही काही लहान गोष्ट नव्हे. पण बैठक उठल्यावर त्या घरात कुणाला झोप लागत नसेल, जुनं आठवून छाती धडधडत असेल, तर ‘आता तर मिटलं ना!’ म्हणून त्याला गप्प करू नये. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, फुकट, आणि गावकीला न कळता.