बॅटरीवरचा फवारणी पंप चालत नाही? दुकानात आणायच्या आधी हे वाचा

मृग लागला की काटोल, नरखेड, सावनेरकडून पंप यायला लागतात अन् रोज तेच ऐकतो, "भाऊ मोटर जळली, नवीन टाकून द्या." खोलून पाहिलं की बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते, गेलेली असते ती बॅटरी.

अन् कारणही तेच. दिवाळीनंतर कपाशीची फवारणी संपली की पंप धुवून कोठ्यात टांगतात, बॅटरी उतरलेली तशीच, मग आठवण येते थेट जूनमध्ये. आपल्या पंपात 12 व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी राहते, ती उतरलेली पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो अन् ती चार्ज घेतच नाही. चार्जर लावला की दहा-पंधरा मिनिटांत हिरवा लाइट, तुम्हाला वाटते फुल झाली, मीटरवरही 12.5 दिसते, पण मोटरचा लोड आला की धाडकन 9 वर. उतरलेली 8 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी 1.7 अँपिअरच्या चार्जरवर भरायला पाच-सहा तास लागतातच, त्याच्या किती आधी हिरवा झाला ते बघा.

म्हणून आम्ही मोटर चालू ठेवूनच व्होल्टेज मोजतो. वेळ लागतो, गर्दीत काही जण चिडतात, पण न तपासता मोटर बदलली तर तुमचे पैसे जातील अन् पंप तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद, ते आम्हाला पटत नाही. हंगाम संपला की फुल चार्ज करा, नंतर महिन्यातून एकदा, एवढं केलं की बॅटरी टिकते.

गनचा खटका सोडल्यावर मोटर थांबते तो बिघाड नाही, प्रेशर स्विच आहे. मोटर आवाज करते पण पाणी येत नसेल तर आधी जाळी अन् नोझल साफ करा. टर्मिनलवर हिरवट थर दिसला तर पॉलिश पेपरने घासून व्हॅसलिन लावा. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, तार गुंडाळू नका, वायरिंग जळते. अन् ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर तर लावूच नका, ही छोटी बॅटरी फुगते.

पंप आणताना चार्जर सोबत आणाच, पुष्कळदा दोष त्यातच निघतो. तपासणीचे पैसे घेत नाही. बॅटरी बदलायचीच असली तर 8 अन् 12 एएच दोन्ही ठेवतो, जुनी जमा केली की तिचे पैसे बिलातून कमी करतो.