चाचणी-दस्तऐवजांतील किरकोळ दुरुस्ती

सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी लिहिलेल्या टेस्ट प्लॅन (चाचणीचा आराखडा), टेस्ट केस (एकेका चाचणीच्या पायऱ्या, इनपुट व अपेक्षित निकाल), चाचणी-नोंद इत्यादी कागदपत्रांतील टंकनदोष, चुकलेले पायरी-क्रमांक, तुटलेले संदर्भ व नमुना-माहितीतील चुका काढून टाकण्याची पद्धत.

मुद्रितशोधनाशी असलेल्या साम्यामुळे तिचा उगम छापखान्यात शोधण्याचा मोह होतो. गिरगाव-काळबादेवीच्या मुद्रणपरंपरेमुळे मुंबईत तो विशेष होतो. तथापि मुद्रितशोधक मजकूर मूळ हस्तलिखिताशी ताडतो, चाचणी-दस्तऐवज मात्र प्रणालीच्या आवश्यकतांशी ताडावा लागतो. म्हणून आयबीएममधील मायकेल फॅगन यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेली इन्स्पेक्शन (सहकाऱ्यांनी मिळून काम तपासण्याची) पद्धत हीच जवळची पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तीत दोषांचे गंभीर व किरकोळ असे वर्ग होतात, लेखक स्वतः दुरुस्ती करतो आणि तपासणीचा संचालक (मॉडरेटर) ती पडताळतो. दस्तऐवजांचे साचे आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या 829 (1983) या मानकाने ठरवून दिले. 2013 मध्ये आयएसओ/आयईसी/आयईईई 29119-3 ने त्याची जागा घेतली.

मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (1968) व अंधेरीचे सीप्झ हे निर्यात-क्षेत्र (1973) यांच्याबरोबर हा व्यवसाय वाढला. बँका व शेअर बाजार येथेच असल्याने उदाहरणेही बहुधा त्या क्षेत्रातली मिळतात. बँकेची शाखा ओळखणारा आयएफएससी कोड 11 वर्णांचा असतो व त्यातील पाचवा वर्ण शून्य असतो. वैध कोडाच्या टेस्ट केसमध्ये तेथे इंग्रजी ‘ओ’ टाइप झाला, तर निर्दोष प्रणाली तो नाकारते आणि डेव्हलपरकडे खोटा डिफेक्ट (दोषाची तक्रार) जातो. उलट अवैध कोडाच्या टेस्ट केसमध्ये ‘ओ’ मुद्दाम घातलेला असतो. तो ‘सुधारला’ की चाचणीच नाहीशी होते. आरटीजीएस या मोठ्या रकमा बँकांमधून पाठवण्याच्या पद्धतीची किमान रक्कम 2 लाख रुपये असल्याने ‘2 लाखांपेक्षा जास्त’ ही वाक्यरचनाही चूकच. नेमके 2 लाख त्यातून सुटतात. त्यामुळे शुद्धलेखनाची दुरुस्ती टेस्टरने थेट करावी, पण इनपुट किंवा अपेक्षित निकाल बदलत असेल तर, बदल एका अक्षराचा असला तरी, नव्याने रिव्ह्यू व साइन-ऑफ घ्यावा, हा दंडक योग्य होय.

एखादी पायरी वगळल्यास ‘पायरी 5 पुन्हा करा’ यासारखे उल्लेख तपासावे लागतात. टेस्ट केसचा क्रमांक सहसा बदलत नाहीत. जुने डिफेक्ट त्यालाच जोडलेले असतात.

शेअर व्यवहारांची टी+1 पूर्तता (व्यवहारानंतर एका कामकाजी दिवसात) 27 जानेवारी 2023 रोजी भारतात सर्व शेअरांना लागू झाल्यावर टेस्ट केसमधील ‘टी+2’ बदलावे लागले. लिहिताना ते बरोबरच होते. अशा बदलाची नोंद दुरुस्तीत न करता अद्ययावतीकरणात करतात.