संगीत, मेंदू आणि संगीतोपचार

सूर-तालाचा मेंदूवर होणारा परिणाम हेतुपूर्वक वापरून रुग्णाची हालचाल, बोलणे, स्मरण किंवा मनःस्थिती सुधारण्याच्या पद्धतीला संगीतोपचार म्हणतात. प्रशिक्षित उपचारक रुग्णाला तपासून उद्दिष्ट ठरवतो आणि प्रगती मोजत जातो. रुग्णालयात मंद संगीत लावून ठेवणे हा संगीतोपचार नव्हे. त्याने बरे वाटत असेल, पण ती वेगळी गोष्ट.

मेंदूत संगीताचे असे एकच केंद्र नाही. अंतर्कर्णातील केशपेशी ध्वनिकंपनांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करतात. हे संकेत श्रवणतंतू, मस्तिष्कस्तंभ आणि थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागातले, संकेत पुढे धाडणारे केंद्र) या वाटेने शंखखंडातील, म्हणजे कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागातील, श्रवणक्षेत्रात पोचतात आणि तिथून वाटा फुटतात. स्वरांच्या उंचीतले बारीक फरक ओळखण्यात मेंदूच्या उजव्या बाजूचा वाटा मोठा असतो. बोलण्यातले झरझर बदलणारे ध्वनी टिपण्यात डावी बाजू सरस ठरते. ही विभागणी काटेकोर नाही, तरी भाषा जाऊनही संगीत शिल्लक राहू शकते ते तिच्यामुळे. रशियन संगीतकार व्हिसारिओन शेबालिन यांना १९५९ मध्ये पक्षाघाताचा दुसरा झटका आला. त्यांचे बोलणे आणि दुसऱ्याचे बोलणे समजणे दोन्ही फार बिघडले. तरीही १९६२ मध्ये त्यांनी आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली. उलट, जन्मजात ॲम्युझिया, म्हणजे सूर ओळखण्यातली उणीव, असलेल्यांना ऐकू नीट येते, बोलता येते, पण शब्द काढून घेतले तर ओळखीची चालही ओळखता येत नाही.

तालाचे नाते हालचालीशी आहे. माणूस निश्चल पडून ठेका ऐकत असला, तरी हालचालींची आखणी करणारी क्षेत्रे, बेसल गँग्लिया (हालचालींचे नियमन करणारे, मेंदूत खोलवरचे पेशीसमूह) आणि लहान मेंदू कामाला लागतात. ठेक्याबरोबर बोट आपटायला सांगितले, तर ते बहुधा ठोक्याच्या किंचित आधीच पडते. म्हणजे मेंदू पुढचा ठोका ऐकण्याची वाट न पाहता त्याचा अंदाज बांधतो. उपचाराच्या दृष्टीने संगीताचा सर्वांत मोलाचा गुण हाच.

संगीतातल्या आनंदामागेही असाच अंदाज असतो. अंगावर शहारा आणणारे संगीत ऐकताना डोपामीन हे सुखाच्या अनुभवाशी निगडित रसायन मेंदूत स्रवते, असे मॉन्ट्रियलमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. गाण्यातली आवडती जागा येणार याची चाहूल लागताच ते कॉडेट केंद्रकात वाढते आणि ती जागा आली की न्यूक्लिअस अकम्बन्समध्ये; हे दोन्ही मेंदूच्या आतले भाग. काही थोड्या लोकांना मात्र श्रवण उत्तम असून आणि इतर सुखांत रस असूनही संगीताने काहीच वाटत नाही. त्यामुळे रुग्णाला काय आवडते, मुळात संगीत आवडते का, हे आधी विचारावे लागते.

लोकांत सर्वाधिक गाजलेला दावा मात्र सर्वांत कच्चा निघाला. १९९३ च्या एका प्रयोगात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची रचना दहा मिनिटे ऐकवल्यावर अवकाशीय आकलनाच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले. हा परिणाम पाव तासात ओसरला. तरी ‘संगीताने बुद्धी वाढते’ असा बोभाटा झाला आणि १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बालकांना शास्त्रीय संगीत वाटण्यासाठी सरकारी निधी मागितला. मूळ प्रयोगात बाळे नव्हतीच! पुढे दिसले, की गुणवाढ होते ती उत्साह आणि प्रसन्नतेमुळे. अमुक रोगावर अमुक धून, हे दावे तर इतक्याही पायावर उभे नाहीत. मेंदूची घडण बदलते ती रियाजाने: तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांची जागा विस्तारलेली असते, आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत ती अधिक असते, असे १९९५ मध्ये आढळले.

व्यवसाय म्हणून संगीतोपचाराला आकार आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत. मिशिगनमध्ये १९४४ साली पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये आणि जागतिक महासंघ १९८५ मध्ये स्थापन झाला.

उपचारपद्धतींत भक्कम आधार आहे तो तालावर चालण्याच्या सरावाला. पार्किन्सनच्या आजारात बेसल गँग्लियाचे काम बिघडते, आतला ठेका हरवतो, पावले आखूड आणि अडखळती होतात. उपचारक आधी रुग्णाची नैसर्गिक चाल मोजतो, तेवढ्याच गतीचा मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) किंवा ठसठशीत तालाचे संगीत लावतो आणि जमू लागले की गती ५ ते १० टक्क्यांनी वाढवतो. बाहेरचा ठोका आतल्याची उणीव भरून काढतो. पाऊल लांबते, चालण्याचा वेग वाढतो. पक्षाघातानंतर लंगडत चालणाऱ्यांनाही याचा फायदा होतो. सराव थांबला की सुधारणा हळूहळू ओसरते, म्हणून तो चालू ठेवावा लागतो.

वाचाघाताचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे बोलणे बिघडलेले, काही रुग्ण एक वाक्य बोलू शकत नाहीत, पण जुने गाणे शब्दांसह गातात. १९७३ मध्ये बोस्टनमधील तज्ज्ञांनी यावर उपचार रचला. रोजच्या कामाचे छोटे वाक्य दोन सुरांत, डाव्या हाताने ठेका धरून म्हणायचे. आधी उपचारकासोबत, मग एकट्याने. पुढे सूर हळूहळू काढून घेत साध्या बोलण्यावर यायचे. हे उजव्या मेंदूमुळे साधते की ठेका आणि घोटलेल्या वाक्यांमुळे, यावर अभ्यासकांत वाद आहे. नुसती गाणी गाऊन बोलणे परत येत नाही, एवढे खरे.

हेलसिंकीतील २००८ च्या अभ्यासात पक्षाघातानंतर दोन महिने रोज आवडीचे संगीत ऐकणाऱ्यांची शाब्दिक स्मृती आणि लक्ष इतरांपेक्षा अधिक सुधारले. शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि चिंता संगीताने कमी होते. स्मृतिभ्रंशात उदासीनता थोडी हटते, पण स्मृती परतत नाही. स्वमग्न मुलांवरील नऊ देशांतल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, मुख्य लक्षणांत ठळक फरक दिसला नाही.

या संशोधनाची एक अडचण कायमची आहे: आपल्याला संगीत ऐकवले जात आहे, हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे परिणाम संगीताचा की रुग्णाच्या अपेक्षेचा, हे वेगळे काढणे अवघड जाते. संगीत सर्वथा निरुपद्रवीही नाही. एखादे गाणे आघाताची आठवण उसळवू शकते आणि क्वचित कुणाला विशिष्ट संगीताने अपस्माराचा (फिटचा) झटका येतो. १९३७ पासून वैद्यकात त्याला स्वतंत्र नाव आहे. अशा रुग्णाला ते संगीत टाळायला सांगतात आणि औषधे देतात.