बेलो क्लॉडिया: खाऱ्या माशावर वसलेलं शहर

स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफाजवळ बोलोनियाच्या किनाऱ्यावर बेलो क्लॉडिया या रोमन शहराचे अवशेष आहेत. समोर जिब्राल्टरची सामुद्रधुनी, पलीकडे आफ्रिकेचे डोंगर. इथे येणारे लोक सहसा थेट वरच्या चौकात, खांबांकडे आणि देवळांकडे जातात. खरं तर सुरुवात खालून, वाळूलगतच्या हौदांपासून करावी. हौद नसते तर देवळं बांधायला पैसा आलाच नसता.

दर वसंतात ट्यूना अटलांटिकातून भूमध्य समुद्रात अंडी घालायला जातो. हा आपल्या कुप्याच्या गोतातला, पण कितीतरी थोराड मासा. वाट एकच, जेमतेम १४ किलोमीटर रुंदीची. ती अडवून बसायला इ.स.पू. दुसऱ्या शतकात इथे वस्ती झाली. हौदांना आतून चुन्याचा आणि कुटलेल्या विटांचा गिलावा आहे, खारं पाणी झिरपू नये म्हणून. त्यांत माशाचे तुकडे आणि मीठ, थरावर थर. उरलेली आतडी आणि बारीक मासळी मिठात मुरवून गारुम नावाचा रस काढायचे. वास काय सुटत असेल, हे कोळीवाड्याशेजारी राहिलेल्याला सांगायला नको! पण रोमन श्रीमंतांना त्याचं वेड होतं. रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या नोंदीनुसार उंची गारुमच्या साधारण साडेसहा लिटरला हजार सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, पडत. तो माल मात्र कार्ताहेनाकडचा. इथे मासे खारवायचे कारखाने होते आणि समोरच्या टिंगिसला, म्हणजे आजच्या टँजियरला, इथूनच जहाजं जात, असं भूगोलकार स्ट्रेबो लिहितो.

शहराच्या नावातला क्लॉडियस म्हणजे इ.स. ४१ ते ५४ या काळातला सम्राट. पहिल्या शतकातल्या भूकंपानंतर शहर नव्याने उभं राहिलं. ज्युपिटर, जुनो, मिनर्व्हा यांची एका रांगेत तीन देवळं, शेजारी इजिप्तच्या इसिस देवीचंही. तिसऱ्या शतकात पुन्हा भूकंप झाला, व्यापारही आटत गेला आणि सातव्या शतकापर्यंत गाव ओस पडलं.

पिएर पारी या फ्रेंच अभ्यासकाने १९१७ ते १९२१ दरम्यान इथे मोठं उत्खनन केलं. न्यायसभेच्या इमारतीत दिसणारा सम्राट ट्राजनचा पुतळा नक्कल आहे, अस्सल कादिसच्या संग्रहालयात.

ट्यूनाची वाट बदललेली नाही. जवळच्या बार्बातेत अजून वसंतात अल्माद्राबाची, म्हणजे ट्यूनाच्या वाटेत रोवून ठेवायची, जाळी लागतात. नाव अरबी, पद्धत त्याहून जुनी. त्यातला बराचसा मासा आता जपानला जातो.